सुट्टी आपली, मौज त्याचीही

दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावताना दिसतो. धर्मराज स्वर्गाच्या दारापर्यंत गेला तोही कुत्र्याला सोबत घेऊनच. तरीही आपल्या पंचांगात बैलाला पोळा आहे, गाय-वासराला वसुबारस आहे, नागाला पंचमी आहे, कुत्र्याच्या नावाचा दिवस मात्र नाही. नेपाळमध्ये तो आहे. तिथल्या तिहार सणातला दुसरा दिवस 'कुकुर तिहार' म्हणून पाळतात. त्या दिवशी घरच्या आणि रस्त्यावरच्याही कुत्र्यांना टिळा लावतात, झेंडूच्या माळा घालतात आणि पोटभर खाऊ घालतात. साधारण त्याच सुमारास आपल्याकडे नरकचतुर्दशीची पहाट उजाडते आणि पहिला फटाका वाजताच असंख्य घरांतला कुत्रा पलंगाखाली किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात जाऊन थरथरत बसतो.

दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली आहे. शाळांना सुट्टी लागेल, घरोघरी पाहुणे येतील, काही कुटुंबे गावी किंवा सहलीला जातील. गेल्या काही वर्षांत शहरांतल्या घरांमध्ये कुत्रा पाळण्याचे प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके वाढले. त्याच्यासाठी सणाचे कपडे, खास केक, छायाचित्रांसाठी सजवलेले कोपरे असा बाजारही उभा राहिला. यातले बहुतेक सारे आपल्या हौसेसाठी असते. झब्बा घातलेल्या कुत्र्याचा फोटो आपल्याला आवडतो. त्याला मात्र त्या झब्ब्यात पाठ खाजवता येत नाही. कुत्र्याला मौज कशात वाटते, याचे उत्तर विज्ञानाने बऱ्यापैकी शोधले आहे. ते स्वस्त आहे, सोपे आहे आणि प्रत्येक ऋतूत देता येण्यासारखे आहे. म्हणूनच ती चैन न मानता रोजच्या अन्नपाण्याइतकी गरज मानावी, असे आमचे म्हणणे आहे.

पिंजऱ्यातून आलेला धडा

प्राण्यांच्या मनाला काम देण्याच्या या पद्धतीला इंग्रजीत 'एनरिचमेंट' म्हणतात. हा विचार प्राणिसंग्रहालयांतून आला. पिंजऱ्यातले प्राणी वेळेवर खाऊन-पिऊनही तासन्‌तास एकाच वाटेने येरझाऱ्या घालतात, अंगावरचे केस उपटतात, असे पाहायला मिळत होते. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या प्राणिसंग्रहालयात हॅल मार्कोवित्झ या संशोधकाने गिबन माकडांना आयते अन्न देण्याऐवजी, ठरावीक दांडे ओढून ते मिळवण्याची सोय केली. माकडे कामाला लागली. पोट भरणे आणि पोट भरण्यासाठी खटपट करणे या प्राण्याच्या दोन वेगळ्या गरजा आहेत, ही गोष्ट अशा प्रयोगांतून पुढे आली.

आपल्या घरातल्या कुत्र्याची स्थिती याहून फार वेगळी नाही. दोन खोल्यांचे घर, एक गॅलरी, सकाळ-संध्याकाळ मिळणारी वाटी आणि घाईत उरकलेली फेरी. घरची माणसे कामावर गेली की दिवसाचे आठ-दहा तास त्याला करण्यासारखे काहीच नसते. मग तो चपला कुरतडतो, दारावर नखे मारतो, जिन्यातल्या प्रत्येक पावलावर भुंकतो. शेजारी तक्रार करतात, आपण त्याला 'वांड' ठरवतो. अशा तक्रारींमागे काही वेळा आजार किंवा भीती असते, त्यामुळे पशुवैद्याला दाखवणे योग्यच. पण पुष्कळदा त्यांच्या मुळाशी निव्वळ रिकामपण असते.

स्वीडनमधील कृषी विद्यापीठात झालेला एक प्रयोग इथे आठवतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बीगल जातीच्या कुत्र्यांच्या जोड्या केल्या होत्या. जोडीतल्या एकाला एखादे उपकरण चालवून बक्षिसापर्यंतची वाट स्वतः उघडता येत होती. दुसऱ्याला तेच बक्षीस तेवढ्याच वेळाने मिळत होते, पण त्याच्या खटपटीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. स्वतः वाट उघडणारे कुत्रे अधिक शेपूट हलवत होते आणि प्रयोगाच्या जागेत उत्साहाने शिरत होते. दुसऱ्या गटातले पुढे पुढे तिथे जायला नाखूश दिसू लागले. बक्षीस सारखेच होते. फरक पडला तो 'हे मी केले' या अनुभवाने.

नाक हेच त्याचे जग

कुत्र्यासाठी खटपटीचे पहिले साधन म्हणजे नाक. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात असे मानतात. कुत्र्यात जातीनुसार हा आकडा दहा-बारा कोटींपासून तीस कोटींपर्यंत सांगितला जातो. हुंगताना तो सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत-बाहेर करतो. त्याच्या नाकपुड्यांना बाजूला चिरा असतात, उच्छ्वासाची हवा तिथून निघते आणि समोरचा गंध विस्कटत नाही. आपण रस्ता पाहतो, तसा तो रस्ता हुंगतो. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाशी त्याला कळते की कोण येऊन गेले, कधी गेले, नर होता की मादी.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी शार्लोट ड्युरान्टन यांच्यासोबत २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वीस पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाने दोन आठवडे रोज लपवलेला खाऊ वासावरून शोधण्याचा सराव केला. दुसऱ्या गटाने तेवढेच दिवस मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा सराव केला. दोन्ही गटांना खाऊ मिळत होता. सरावाच्या आधी आणि नंतर त्यांच्यापुढे अशा जागी भांडे ठेवले, जिथे खाऊ असेल की नसेल याची खात्री नव्हती. वास शोधणारे कुत्रे सरावानंतर त्या भांड्याकडे आधीपेक्षा लवकर गेले, दुसऱ्या गटात असा बदल दिसला नाही. अनिश्चित गोष्टीतून काहीतरी चांगलेच निघेल अशी वृत्ती त्यांच्यात आली होती. माणसाबद्दल बोलताना आपण याला आशावाद म्हणतो.

या एका माहितीने रोजची फेरी बदलू शकते. आपण फेरी 'उरकतो'. कुत्रा एखाद्या झुडपाशी थांबला की पट्टा ओढतो, 'चल रे' म्हणतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या हातातून प्रत्येक ओळीनंतर पान ओढून घ्यावे, तसेच ते. दिवसातली निदान एक फेरी त्याच्या नाकाच्या वेगाने होऊ द्यावी. वीस मिनिटांत दोनशे पावले झाली तरी चालतील. वाट त्याने ठरवावी, आपण मोबाइल खिशात ठेवून मागे चालावे. पळण्याची आणि अंग मोकळे करण्याची गरज आहेच, पण नाकाला काम देणाऱ्या फेरीनंतर कुत्रा घरी येऊन शांत झोपतो, हे करून पाहणाऱ्यांना लगेच कळेल.

ऋतू तसा खेळ

आपले हवामान तीन ऋतूंचे, तेव्हा खेळही तीन तऱ्हांचे हवेत.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे कित्येक दिवस फेरीवर पाणी पडते. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोकाही असतो. त्याची लस वेळेवर द्यावी आणि डबक्यांतून फिरणे टाळावे. अशा दिवसांत खेळ घरात आणावा. जुन्या टॉवेलच्या घडीत रोजच्या खाण्यातले दाणे पसरून त्याची वळकटी करावी आणि ती उलगडायचे काम कुत्र्यावर सोडावे. रद्दीच्या कागदाचे बोळे भरलेल्या खोक्यात भाकरीचे तुकडे टाकावेत. इडलीपात्राच्या ताटलीतल्या खळग्यांत खाऊ ठेवून त्यावर टेनिसचे चेंडू ठेवले, तर एक उत्तम कोडे तयार होते. घरात मुले असतील तर लपाछपी खेळावी: एकाने कुत्र्याला धरायचे, दुसऱ्याने कपाटामागे लपून हाक मारायची. पहिल्यांदा सगळे सोपे ठेवावे. दोन-तीनदा यश आले की हळूहळू अवघड करावे. सुरुवातीलाच जमले नाही तर कुत्रा नाद सोडतो.

उन्हाळ्याचा नियम वेगळा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या कामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांत असतात, अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा डांबरी रस्ता हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतो. तळहाताची पाठ रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवता आली नाही, तर तो रस्ता त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. फेरी भल्या पहाटे आणि सूर्यास्तानंतर उशिरा. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना आणि बर्फाळ मुलखातल्या हस्कीला विशेष जपावे. दुपारी मीठ-साखर न घातलेल्या पातळ ताकात किंवा पाण्यात त्याचे नेहमीचे दाणे टाकून वाटी गोठवावी. तो बर्फ चाटण्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. घमेल्यात चार बोटे पाणी घेऊन त्यात गाजराचे तुकडे सोडावेत. कुत्रा खूप धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, पाय लटपटू लागले, तर तो उष्माघात समजावा. ताबडतोब सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि पशुवैद्य गाठावा.

थंडी हा खरा बाहेरचा मोसम. शेतात, माळावर, डोंगराच्या पायथ्याशी लांब पट्ट्यावर हिंडवावे. गवतात मूठभर दाणे विखरून शोधू द्यावेत. घरी आल्यावर कान, बगला आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी पाहाव्यात. संक्रांतीच्या आसपास जमिनीवर पडलेल्या मांजापासून पाय जपावेत. आणि होळीचा रंग कुत्र्याच्या अंगावर टाकणे हा खेळ मुळीच नाही. तो अंग चाटतो आणि रंग पोटात जातो.

सगळ्या ऋतूंना लागू पडणारे चार नियम लक्षात ठेवावेत. खेळातला खाऊ रोजच्या खाण्यातूनच वजा करावा, नाहीतर मौजेबरोबर वजनही वाढते. गिळता येतील अशा वस्तू देऊ नयेत आणि नव्या खेळाच्या वेळी समोर थांबावे. घरात दोन कुत्रे असतील तर त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत खेळवावे, खाण्यावरून भांडणे होतात. आणि कुत्रा उठून निघून गेला तर त्याला परत ओढून आणू नये. निवड करता येणे हाही मौजेचाच भाग आहे. म्हाताऱ्या कुत्र्याची नजर आणि कान मंदावले तरी नाक पुष्कळदा साथ देत राहते. पळणे थांबले म्हणून त्याचे खेळणे थांबवू नये.

दिवाळीची तयारी

आता मुख्य सणाकडे वळू. मुले अंगणात किल्ला करू लागली की घरचा कुत्रा तिथे पोचतोच आणि बुरूज उकरतो. त्याला हाकलण्यापेक्षा चार हातांवर मातीचा दुसरा ढीग त्याच्यासाठी करावा आणि त्यात त्याचे खेळणे पुरावे. उकरणे ही त्याची उपजत आवड आहे. मुलांचा किल्ला वाचेल आणि त्यालाही त्याचा 'किल्ला' मिळेल.

फराळाच्या डब्यांबाबत मात्र सावध राहावे. मनुका आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना निकामी करू शकतात आणि किती प्रमाण सुरक्षित, हे सांगता येत नाही. म्हणजे चिवडा, लाडू, शिरा यांतली मनुकाही नको. चॉकलेटमधले थिओब्रोमाइन त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि हृदय व मेंदूवर परिणाम करते. चॉकलेट जितके गडद, तितके घातक. 'शुगर-फ्री' मिठाईत किंवा च्युइंगममध्ये झायलिटॉल असेल तर थोडक्या मात्रेनेही त्याची रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरते. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. पाहुण्यांना हे आधीच सांगावे, कारण 'एक तुकड्याने काय होते' म्हणणारे कोणी ना कोणी असतेच. असे काही खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा.

आणि फटाके. माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचा. आपल्याला न ऐकू येणारी शीळही त्याच्या कानावर आदळत असते. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०१३ सालच्या अभ्यासातली एक गोष्ट प्रत्येक मालकाने लक्षात घ्यावी. 'तुमचा कुत्रा आवाजाला घाबरतो का' असे विचारले तेव्हा सुमारे एक चतुर्थांश मालक 'हो' म्हणाले. थरथरणे, लपणे, अंगाला चिकटणे अशी एकेक खूण विचारल्यावर मात्र जवळपास निम्म्यांनी निदान एक तरी खूण सांगितली. म्हणजे भीती डोळ्यांसमोर होती, तिला भीती म्हणून ओळखले गेले नव्हते.

यावर खेळ कामी येतो. बर्न विद्यापीठातील स्टेफनी रीमर यांनी हजाराहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची पाहणी केली. फटाक्याचा आवाज झाला की लगेच आवडता खाऊ द्यायचा किंवा खेळ सुरू करायचा, या पद्धतीचा उपयोग झाल्याचे ती वापरणाऱ्या ७० टक्क्यांहून अधिक मालकांनी सांगितले. आवाजानंतर काहीतरी चांगले येते, ही सांगड कुत्र्याच्या मनात बसू लागते. नव्या, अजून न घाबरलेल्या पिलासाठी तर हे पहिल्या फटाक्यापासूनच करावे. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने त्याची भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. त्याला हवे असेल तर खुशाल कुशीत घ्यावे.

याखेरीज संध्याकाळ होण्यापूर्वीच लांब, निवांत, हुंगत हुंगत केलेली फेरी पूर्ण करावी. घराच्या मधल्या खोलीत पडदे ओढून, पंखा किंवा रेडिओ लावून त्याची जागा तयार ठेवावी, पण दार बंद करून कोंडू नये. गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर असावा. फटाक्यांच्या रात्री बिथरून पळालेला कुत्रा घराचा रस्ता चुकतो आणि अनेकदा वाहनाखाली येतो. भीती तीव्र असेल, म्हणजे तो खाणे सोडत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, तर खेळ पुरणार नाही. त्यासाठी औषधे आहेत, ती आत्ताच पशुवैद्याला विचारून आणावीत. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. आवाजाची हळूहळू सवय लावण्याच्या सरावाला मात्र आठवडे-महिने लागतात. तो दिवाळीनंतर, पुढच्या वर्षासाठी सुरू करावा.

प्रश्न एकट्या मालकाचा नाही

'माणसांना सुट्टी मिळत नाही आणि कुत्र्याच्या मौजेचे काय घेऊन बसलात,' असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे, पण इथे सांगितलेल्या एकाही खेळाला पैसे लागत नाहीत. रद्दी, जुना टॉवेल आणि रोजची वीस मिनिटे, एवढाच खर्च. शिवाय कुत्रा आपण होऊन घरात येत नाही, आपण त्याला आणतो. कुठे राहायचे, कधी खायचे, कधी बाहेर जायचे, हे सारे त्याच्या वतीने आपण ठरवतो. एवढे ठरवण्याचा अधिकार घेतल्यावर त्याच्या दिवसात काही अर्थ भरण्याची जबाबदारीही आपलीच. ती वीस मिनिटे आपल्याकडे नसतील, तर कुत्रा घरी आणूच नये, हे सांगण्याचे धाडसही करायला हवे. सुट्टीत मुलांच्या हट्टाखातर पिलू आणायचे आणि शाळा सुरू झाल्यावर त्याला गॅलरीत बांधून ठेवायचे, हा खेळ नव्हे.

काही गोष्टी समाजाने करायच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० अशी वेळ घालून दिली होती. सोसायट्यांनी या दिवाळीत निदान एवढी मर्यादा स्वतःहून पाळली, तरी कुत्र्यांबरोबर तान्ही मुले, आजारी माणसे आणि वृद्धही सुखाने झोपतील. महापालिकांनी उद्यानांचा एखादा कोपरा कुत्र्यांसाठी राखावा. मालकांनीही बदल्यात पट्टा आणि विष्ठा उचलण्याची पिशवी विसरू नये, रेबीजची लस चुकवू नये. शेजाऱ्याचा राग बहुधा कुत्र्यावर नसतो, मालकाच्या बेफिकिरीवर असतो.

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो, पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. त्या प्राण्यांना काय हवे, हे ओळखूनच आपल्या पूर्वजांनी ते दिवस नेमले: दमलेल्या बैलाला विश्रांती दिली. घरातल्या कुत्र्याचे दुखणे नेमके उलटे आहे. त्याला विश्रांती भरपूर आहे, काम नाही. या दिवाळीत त्याला झब्बा नको, केक नको. पहाटेच्या अभ्यंगस्नानाआधी, फटाके सुरू होण्यापूर्वी, दहिवर पडलेल्या गवतातून त्याला एकदा मनसोक्त हुंगू द्यावे. पट्टा सैल सोडावा आणि तो नेईल तिकडे जावे.